भिंतीपलीकडची केवळाकाकू

मीराचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी एका घराच्या नकाशात जिना बसवत होते. परभणीत माझं हेच काम, लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे. मोबाइलवर मीराचं नाव दिसलं की मी हातातलं बाजूला ठेवून फोन स्पीकरवर टाकायचे आणि निवांत बसायचे. कारण फोन मीराचा असला तरी बोलणार तिची सासू असायची, आमची केवळाकाकू. गेली दोन वर्षं काकूला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे मी इकडून काय बोलते याच्याशी तिला काही देणंघेणं नसायचं. कुणाच्या म्हशीला काय झालं, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कापूस वेचायला बाया कशा मिळेनात, असं दहा मिनिटं एका दमात सांगून झालं की "बरं, ठिवते आता" म्हणून ती फोन सुनेच्या हातात द्यायची. त्या दिवशी मी तिच्या आवाजाची वाट बघत राहिले. मग मीरा म्हणाली, "ताई, आज मीच बोलायलेय... आत्याबाई गेल्या." सकाळी उठून शेळ्यांना पाला टाकला, चहा घेतला, भिंतीला टेकून उन्हात बसली आणि तशीच गेली. मीरा कप न्यायला आली तेव्हा कळलं.

याला आता सहा आठवडे झाले. केवळाकाकू माझी कुणी नात्यातली नव्हती. बोरीपासून सहा-सात किलोमीटरवरच्या आमच्या गावात तिचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या-शेळ्या, शिवाय थोडी कोरडवाहू जमीन. आम्ही शेतकरी. लहानपणी ती मला माहीत होती ती एवढीच, की सकाळी शेळ्या घेऊन शाळेवरून जाते, पदर कमरेला खोचलेला असतो, आणि तिचा आवाज वेशीपासून देवळापर्यंत ऐकू येतो. दहावीनंतर मी शिकायला बाहेर पडले, मग पुण्याला नोकरी लागली, तिथंच लग्न केलं. त्या दहा-बारा वर्षांत मला तिची एकदाही आठवण झाली नसेल. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढं तिनं माझ्यासाठी जे केलं ते काही जुन्या मायेपोटी केलं नव्हतं. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तरी तिनं तेच केलं असतं.

कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात सगळं बंद झालं, त्याच्या महिनाभर आधी माझा संसार मोडला होता. नवरा घर सोडून गेला होता. वकिलाचे कागद आले होते. गावाकडं मी कुणालाच सांगितलं नव्हतं... सांगू, सवडीनं सांगू, असं म्हणता म्हणता बाहेर पडायचीच बंदी आली. एका खोलीच्या फ्लॅटमध्ये मी दोन महिने एकटी होते. ऑफिसनं आधी घरून काम करा म्हटलं, मग काम नाही म्हटलं. दिवस दिवस माझा कुणाशी शब्द होत नव्हता. कधीतरी दूधवाल्याला "एकच पिशवी" म्हणताना माझाच आवाज मला परका वाटायचा. शेवटी परवाने मिळायला लागले तेव्हा जिंतूरकडच्या काही लोकांबरोबर एका जीपमधून मी गावी आले. वेशीवर माणसं उभीच होती, तोंडाला उपरणी बांधून. त्यांनी जीपमधून माझी बॅग उतरवू दिली आणि शाळेकडं बोट दाखवलं. चौदा दिवस.

मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. वडिलांना दमा होता, दादाचं लेकरू दीड वर्षाचं होतं. दादा रोज शाळेच्या फाटकाशी डबा ठेवायचा, दहा पावलं मागं जायचा आणि मग हाक मारायचा. वडील एकदाच आले, रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले, हात वर केला आणि तोंड फिरवून निघून गेले. आई नव्हती, ती त्याआधीच गेली होती. शेजारच्या वर्गात हैदराबादकडून बांधकामावरनं आलेलं एक कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन लेकरं. ती भांडायची, हसायची, एकमेकांच्या उवा काढायची. मी चौथीच्या वर्गात, एका कोपऱ्यात रचून ठेवलेल्या बाकांजवळ सतरंजी टाकून पडलेली असायचे. केस विंचरायचं सोडलं. डबा उघडायचा आणि बंद करायचा. मधेच छाती भरून यायची, श्वास अडकायचा, हातांना मुंग्या यायच्या, आणि वाटायचं, झालं, आपल्याला झालाच आहे. ताप बघायला येणाऱ्या ताई लांबून म्हणायच्या, "काही नाही तुम्हाला, नॉर्मल आहे." त्यांचंही खरं होतं. जे झालं होतं ते त्यांच्या थर्मामीटरवर येणारं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी शाळेच्या गच्चीवर गेले. वर वाळत घातलेले कपडे आणायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. कपडे काढले, खांद्यावर टाकले आणि कठड्याशी गेले. कठडा गुडघ्याएवढा. तिथं मी किती वेळ उभी होते आणि डोक्यात काय चाललं होतं, ते सगळं इथं मांडणार नाही. एवढंच सांगते की तेव्हा मला भीती वाटायची बंद झाली होती, आणि आज त्याच गोष्टीची सगळ्यात जास्त भीती वाटते. तेवढ्यात खालून खणखणीत आवाज आला.

"ए पोरी! वर हायेस तर जरा बघ गं, माझी चंद्री कुठं गेली?"

शाळेच्या आवाराच्या भिंतीपलीकडं बाभळीखाली केवळाकाकू उभी होती, कपाळावर आडवा हात धरून. मला काही कळेना. "कोण चंद्री?" मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"शेळी गं! पांढरी. एक कान काळा. मला मेलीला लांबचं दिसंना गेलंय. तू उंचावर हायेस, बघ की जरा."

मी बघितलं. वळून, टाचा उंचावून, पार ओढ्यापर्यंत बघितलं. चंद्री शाळेच्याच मागं, हापशाजवळ साचलेलं पाणी पीत होती. मी सांगितलं. काकू म्हणाली, "बरं झालं बाई. आता खाली जाऊन ह्या भिंतीपाशी ये, मला लय बोलायचंय. अन् येताना पाणी पिऊन ये." मी खाली आले. आज विचार करते तेव्हा वाटतं, तिनं "खाली ये" एवढंच म्हटलं असतं तर मी आले असते का, कोण जाणे. पाणी पिऊन ये म्हटल्यावर माणूस आधी माठाकडं जातो... मी माठाकडं गेले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला हाक आली. तिसऱ्या दिवशी हाक यायच्या आधीच मी गच्चीवर होते. काम ठरून गेलं. दुपारी तिच्या शेळ्या शाळेभोवती चरायच्या आणि मी वरून त्यांचा हिशेब द्यायचे. बांडी कुठंय, लंगडी कुठंय, काळीची दोन पिल्लं आईजवळ हायत का. मी शेतकऱ्याची लेक, पण मला शेळीतलं काही कळत नाही याचं तिला नवल वाटायचं. "एवढं शिकलीस अन् गाभण शेळी वळखू येत न्हाई?" मग ती खालून शिकवायची. शेळ्या बसल्या की आमचं बोलणं सुरू व्हायचं. बोलणं म्हणजे तिचंच. तिनं मला एकदाही "कशी हायेस?" असं विचारलं नाही. "धीर धर", "सगळं नीट हुईल", हेही कधी म्हणाली नाही. गावात काय झालं ते सांगायची. अमक्याच्या सुनेनं भाकरी करपवल्या, तमक्यानं घरी बसून बसून दाढी वाढवली आणि त्याचंच लेकरू त्याला बघून रडलं. सातव्या दिवशी त्या दाढीवाल्यावरून मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं हसू... पोट दुखलं माझं.

हे गावाला रुचणारं नव्हतंच. आठव्या दिवशी तिचा मुलगा ज्ञानोबा तिला न्यायला आला. मी भिंतीच्या आत होते, दोघांचं सगळं ऐकू येत होतं. "माय, घरी चल," तो म्हणाला. "तू इथं बसायलीस म्हणून लोक मला कामाला बोलवंनात. मीराला हापशावर पाणी भरू देईनात."

"मी काय तिच्या ताटात जेवायलेय का? भिंतीच्या ह्या अंगाला हाय. तोंडाला पदर हाय."

"लोकाला कोण समजून सांगावं?"

"मग सांग, माय म्हातारी झाली, ऐकत न्हाई म्हणून."

ज्ञानोबा तसाच माघारी गेला. वाईट माणूस नव्हे तो, त्याच्याही घरात खाणारी तोंडं होती. मला वाटलं, संपलं. आता ती यायची नाही, आणि आली नाही तर बरोबरच आहे. दुसऱ्या दिवशी ती आली, पण भिंतीजवळ बसली नाही. लेकाचं थोडं ऐकायचं म्हणून पन्नास पावलं लांब, रस्त्याच्या कडेच्या लिंबाखाली बसली. आणि आता एवढ्या लांबून बोलायचं म्हणजे ओरडावंच लागणार. ती तिथून ओरडायची, मी गच्चीवरून ओरडायचे. रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला आमचं सगळं बोलणं ऐकू जायला लागलं. काळीच्या पिल्लाला हगवण लागली त्यावर काय करावं, पुण्यात शेळीचं दूध मिळतं का, हे असलंच सगळं. तिच्या मनात काही होतं की नुसतं तसं घडलं, मला माहीत नाही. पण शाळेत बंद केलेली पोरगी आपल्यासारखीच बोलती, हसती, हे गावाच्या कानावर पडलं. दोन दिवसांनी डोक्यावर सरपण घेतलेली एक बाई लिंबाखाली थांबली आणि तिनंही वर बघून विचारलं, "जेवलीस का गं, बाई?" त्या संध्याकाळी दादा डबा ठेवून दहा पावलं मागं गेला, पण लगेच निघाला नाही. तिथंच मातीत उकिडवा बसला आणि म्हणाला, "बोल, काय म्हणतीस?" मग त्यानं बाळाला आलेल्या दातांचं सांगितलं.

अकराव्या दिवशी मी काकूला म्हटलं, "काकू, आज ओरडून सांगता येणार नाही असं आहे." ती उठली. इकडं तिकडं बघितलंही नाही, सरळ भिंतीला येऊन टेकली. मी गच्चीवरून खाली येऊन अलीकडून टेकले. मग मी तिला माझ्या लग्नाचं सांगितलं. सगळ्यात पहिल्यांदा, आयुष्यात जिची कधी आठवणही काढली नव्हती त्या बाईला, एका भिंतीकडं तोंड करून. माझं सांगून झालं, रडूनही झालं, तरी बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं, गेली की काय. मग ती बोलायला लागली.

लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा तिला टीबी झाला होता. त्या काळी घरच्यांनी तिला शेतातल्या आखाड्यावर नेऊन ठेवलं. पत्र्याची एक झोपडी, एक घागर, एक वाकळ. सासू बांधावर भाकरी ठेवून जायची. नवरा सुई द्यायला गाडीत घालून दवाखान्यात न्यायचा, तेव्हाही तोंड फिरवून बसायचा. "चार म्हैने हुते मी तिथं," काकू म्हणाली. "मी माणूस हाय का न्हाई, हेच मला कळंना झालतं. चिमण्यासंगं बोलायचे." तिची एक थोरली जाऊ होती. ती दुपारी काड्या वेचायच्या निमित्तानं यायची आणि आखाड्यासमोरच्या बांधावर बसायची. "तिनं मला कधी इचारलं न्हाई, बरं वाटायलंय का म्हणून. नुसतं गावातलं सांगायची. कुणाचं भांडण झालं, कुणाची गाय व्याली. मी ऐकत बसायचे. आवशद दवाखान्यानं दिलं, मी बरी झाले. पन घरी आले तवा मला गावातलं समदं ठाव हुतं बघ. आपुन कुठं गेलो हुतो असं वाटलंच न्हाई."

एवढं बोलून तिनं शेळ्यांना हाक दिली. जाता जाता म्हणाली, "आता दोन-तीन म्हैने इथंच ऱ्हा. नवऱ्याचं मागून बघू. बापाला मी सांगते."

आणि तिनं सांगितलंही. माझी सुटका व्हायच्या आदल्या दिवशी आमच्या दारात उभी राहून तिनं वडिलांना सगळं सांगितलं होतं, त्यामुळे मी घरी गेले तेव्हा मला काहीच सांगावं लागलं नाही. वडिलांनी फक्त माझी बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवली, जिथं लग्नाआधी माझं कपाट होतं.

मी चार महिने गावात राहिले. छाती भरून येणं, श्वास अडकणं एकदम थांबलं नाही. बंदी उठल्यावर दादानं मला परभणीला मनोविकारतज्ज्ञाकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. गावात तेव्हा याविषयी कुणाला काय सांगायचं हा प्रश्नच होता. घरातही दबक्या आवाजात बोलायचे. मी काकूला सांगितलं तर तिला त्यात लपवण्यासारखं काही दिसलं नाही. "घे की गोळ्या. मी बी घेतल्या हुत्या दीड वरीस. मधी सोडायच्या न्हाईत, तेवढं ध्यानात ठिव." मी वर्षभर घेतल्या, मधे सोडल्या नाहीत. मग परभणीत खोली केली, काम मिळायला लागलं, माझी गाडी हळूहळू रुळावर आली.

आणि इथं मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रुळावर आलेल्या माणसाला मागं वळून बघायचं सुचत नाही. सुरुवातीला पंधरा दिवसाला गावी जाणारी मी, मग महिन्याला, मग सणाला. एका वर्षी तर आठ महिने फिरकले नाही. त्याच काळात काकूचे कान जात होते. हे मला मीराकडून कळलं, तेही सहज, जिंतूरला एका लग्नात गाठ पडली तेव्हा. मीरा म्हणाली, "ओरडून बोलावं लागतंय, ताई. मग लोक बोलायचंच टाळायलेत. चार बाया बसल्या की ह्या नुसत्या तोंडाकडं बघत बसतात. आताशा बसायला जातच न्हाईत." मी हातातलं ताट खाली ठेवलं. सगळ्या गावाच्या खबरी जिच्याकडं असायच्या त्या बाईभोवती आता काय पसरलं असेल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. चौथीच्या वर्गातले, काकूची हाक यायच्या आधीचे ते चार दिवस मला माहीत होते. आणि मी आठ महिने गेले नव्हते.

त्या रविवारी गेले. आम्ही तिला परभणीला आणलं, कानाचं मशीन घेतलं. दोन दिवस तिनं ते घातलं आणि तिसऱ्या दिवशी डब्यात घालून ठेवलं. म्हणे, "समद्या गावाचा कालवा एकदमच कानात शिरायलाय, त्यात माणूस कुठला बोलायलाय तेच कळंना." मग तिनं स्वतःच इलाज काढला. बोरीच्या बाजारातून लाल प्लास्टिकची एक खुर्ची आणवली आणि दारासमोर, रस्त्याला लागून मांडली. स्वतः ती कधी तिच्यावर बसली नाही. ती खाली उंबऱ्याशी बसायची. कुणी जाताना दिसलं की उठून त्याचा हात धरायची आणि खुर्चीत बसवायची. समोरच्यानं बोलायचीही गरज नसायची, बोलणार तीच. येणारा-जाणारा पाच मिनिटं टेकायचा, तिचं ऐकायचा, मान हलवायचा, चहा प्यायचा. मलाही बसवलं. मी हातवारे करून विचारलं, हे काय? ती म्हणाली, "ऐकू येत न्हाई तर न्हाई. दिसतंय की चांगलं. त्या तिकडच्या लिंबावर कावळा बसलाय, तो बी दिसायलाय मला."

मी त्या लिंबाकडं बघितलं. चांगला दोनशे पावलांवर होता. मग तिच्याकडं बघितलं. तिच्या कानाला तोंड लावून मी जेवढं जमेल तेवढं ओरडले, "मग त्या वेळी चंद्री कशी दिसत नव्हती तुला?"

"काय?"

मी परत विचारलं. ती परत "काय?" म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा शेजारच्या घरातून बाई बाहेर येऊन बघायला लागली. काकूनं माझ्या हातातला कप घेतला, त्यात बघितलं आणि म्हणाली, "च्या गार झाला बघ तुझा. मीरा, हिला दुसरा दे." त्यानंतर मी तिला ते कधीच विचारलं नाही. फोन मात्र तेव्हापासून सुरू झाले. मीच मीराला म्हटलं होतं, दर सोमवारी लावून त्यांच्या हातात देत जा. त्यांना ऐकू नाही आलं तरी मला येतं.

शेवटची भेट यंदाच्या थंडीतली. हरभरा घाट्यावर आला होता, ती मला सोलाण्याची आमटी खाऊ घालायचं म्हणत होती आणि मला परतायची घाई होती. "फुडच्या खेपंला," ती म्हणाली. निघताना तिनं माझा हात हातात घेतला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. बोलली काहीच नाही. एवढं गप्प मी तिला त्या भिंतीपलीकडंच एकदा ऐकलं होतं.

परवा गावी गेले तेव्हा वाटेत तिच्या घरावरून गेले. दारासमोर लाल खुर्ची मांडलेली होती. खाली उंबरा रिकामा. मला बघून मीरा बाहेर आली, ओल्या हातानंच. "सकाळी अंगण झाडून झालं की हात आपसूकच खुर्चीकडं जातोय, ताई," ती म्हणाली. "ठिवती अन् मंग कळतं, कुणासाठी ठिवायले." मी विचारलं, कुणी बसतं का? म्हणाली, बसतात. सवयीनं टेकतात, मग समोर कुणी न्हाई हे ध्यानात येऊन उठतात. मी खुर्चीत बसले. चहा झाला. लेकरांची शाळा, ज्ञानोबाचं काम, शेळ्या किती राहिल्या, सगळं विचारून झालं. घड्याळात बघितलं, बोरीहून परभणीची गाडी मिळायची तर निघायलाच हवं होतं. मी पिशवी उचलली.

मीरा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एवढ्या वर्षांत मी तिला कधी बसून बोलताना पाहिलं नव्हतं. ती चहा आणायची, फोन लावून द्यायची, कप न्यायची. ती म्हणाली, "सोमवारी सकाळी फोन हातात घेतला हुता, ताई. तुमचं नाव बी काढलं. मग म्हणलं, मी काय बोलावं...?" आणि हळूच खाली उंबऱ्यावर बसली.

मी पिशवी खाली ठेवली, खुर्ची उन्हातून जरा तिच्याकडं, सावलीत ओढली आणि म्हटलं, "बोल."